राजवाड्याचा जीर्णोद्धार : इंदूरच्या एका सरकारी वास्तूची कथा

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे आणि जिलब्या यांच्या वासाने ती अरुंद गल्ली मध्यरात्र उलटेपर्यंत जागी असते. सराफांनी ही वर्दळ प्रथम आनंदाने चालू दिली, याचे कारण जुने लोक असे सांगतात की, माणसांनी भरलेल्या गल्लीत चोराला वाव उरत नाही. ही उपपत्ती खरी असो वा मागाहून जुळविलेली असो, तिच्यात एक शहाणपण निश्चित आहे : वास्तूचे रक्षण कुलपापेक्षा वावराने अधिक होते. याच सराफ्यापासून हाकेच्या अंतरावर होळकरांचा सातमजली राजवाडा उभा आहे. तीन वेळा आग आणि तितक्याच वेळा उभारणी पाहिलेल्या या वास्तूचा विचार करताना सराफ्यातले ते शहाणपण आम्हांस वारंवार आठवले.

‘जीर्णोद्धार’ हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा उद्धार करणे अधिक पुण्याचे, अशी आपल्याकडील पूर्वापार समजूत. परंतु देवळाच्या बाबतीत आत देव कायम असतो. भिंती बदलल्या तरी ज्याच्यासाठी त्या बांधल्या तो बदलत नाही. राजवाड्याची गोष्ट निराळी. त्यातील राजा जातो, राज्य जाते, दरबार जातो, आणि वास्तू तेवढी मागे राहते. अशा वास्तूचा उद्धार करावयाचा म्हणजे नेमका कशाचा करावयाचा? दगडांचा, लाकडांचा, की तिच्यावरून गेलेल्या काळाचा? इंदूरच्या राजवाड्याइतका हा प्रश्न स्पष्टपणे विचारणारी दुसरी मराठी वास्तू आमच्या पाहण्यात नाही.

मल्हारराव होळकरांनी माळव्यात पाय रोवल्यावर, अठराव्या शतकाच्या मध्यास, इंदुरास या वाड्याचा आरंभ केला. १७३४ च्या जानेवारीत गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली होती आणि होळकरांचे बिऱ्हाड आता छावणीतून उठून घरात येऊ पाहत होते. घोड्याच्या पाठीवर आयुष्य काढलेल्या शिपाईगड्याने बांधलेले हे घर होते. कारंज्यांच्या हौसेपेक्षा तटबंदीची आठवण त्यात अधिक असावी, हे स्वाभाविकच. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले. पुढल्या वर्षी नातू मालेराव गेला आणि राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. त्यांनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास नेली. भारतभर जीर्णोद्धाराचे सर्वांत मोठे कार्य ज्या बाईंनी केले, त्यांनी स्वतःच्या सासऱ्याच्या वाड्यात राहण्याचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. काशीच्या विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी उभारले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधविले, सोमनाथास नवे देवालय दिले. आणि महेश्वरी स्वतःसाठी ठेवला तो साध्या लाकडी खांबांचा वाडा. राज्यकर्त्याच्या निवासापेक्षा लोकांच्या श्रद्धास्थानांवर द्रव्य खर्चावे, हा त्यांचा हिशेब होता.

राजवाड्यावर पहिले संकट आले ते १८०१ मध्ये. यशवंतराव होळकरांनी त्या वर्षी शिंद्यांची उज्जयिनी लुटली. तिचा सूड म्हणून ऑक्टोबरात सर्जेराव घाटगे शिंद्यांची फौज घेऊन इंदुरावर चालून आला. लढाईत यशवंतरावांचा पराभव झाला, शहर लुटले गेले, आणि राजवाड्यास आग लावण्यात आली. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावांनी हडपसरास शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि वसईचा तह झाला. हे सर्व आपण शाळेत पाठ केलेले असते. परंतु उज्जयिनीची राख, इंदूरची राख आणि पुण्याची लूट या एकाच भांडणाच्या तीन पायऱ्या आहेत, हे राजवाड्याच्या दारात उभे राहिल्यावाचून तितक्या तीव्रतेने जाणवत नाही. ज्या आगीत हा वाडा जळाला ती परचक्राची आग नव्हती. मराठ्यांची मशाल मराठ्यांच्या घराला लागली होती.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरास होळकरांची फौज मोडली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. प्रदेश गेला, फौज कमी झाली, परराष्ट्रव्यवहाराचा अधिकार संपला. गादीवर मल्हारराव दुसरे हे बालक होते. कारभार तात्या जोग यांच्या हाती होता. विठ्ठल महादेव किबे हे त्यांचे मूळ नाव. याच किबे घराण्यातील माधवराव किबे पुढे १९२६ च्या मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तात्या जोगांनी इंदुरास राजधानी वसविली, विस्कटलेला वसूल सावरला, आणि जळालेल्या राजवाड्याची पुन्हा उभारणी आरंभिली. ते १८२६ मध्ये वारले. काम मल्हाररावांच्या अखेरपर्यंत, म्हणजे १८३३ पर्यंत, चालू राहिले.

आज आपण जे भव्य मुख पाहतो ते मुख्यतः या काळाचे अपत्य आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. मधोमध लोखंडी खिळ्यांनी मढविलेला प्रचंड दरवाजा. त्यावर एकावर एक चढत गेलेले सज्जे आणि झरोके. मराठी वाड्याच्या चौकटीत राजपूत झरोका आणि मुसलमानी कमान सहज सामावलेली. या दर्शनी बाजूकडे पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. राज्य स्वतंत्र होते तेव्हा होळकरांना इतक्या उंच दरवाजाची निकड नव्हती. छत्तीस कारखान्यांची छावणी हेच त्यांचे ऐश्वर्य होते. फौज गेली, मुलूख गेला, रेसिडेंट शेजारी येऊन बसला, आणि तेव्हा कारभाऱ्याने सात मजले उभे केले. आपले राज्य अद्याप आहे हे प्रजेला आणि इंग्रजाला दिसले पाहिजे होते. म्हणून आम्ही असे म्हणू की, राजवाड्याचा पहिला जीर्णोद्धार हे डागडुजीचे काम नव्हतेच. ते राजकारण होते. त्यात लबाडी मात्र नव्हती. पराभवानंतर घर सावरणाऱ्या माणसाचा तो स्वाभिमान होता.

याच्या उलट उदाहरण पुण्यास आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडाही खाली दगड आणि वर लाकूड अशाच पद्धतीचा. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यास आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद उरले. लाकडाचे सारे जग नाहीसे झाले. तो पुन्हा कोणी बांधला नाही. बांधणार कोण? पेशवाई संपून दहा वर्षे झाली होती आणि कंपनी सरकारला पेशव्यांचा वाडा उभा राहण्यात काहीच स्वारस्य नव्हते. बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यास १८७९ मध्ये आग लागली, तेव्हा मात्र लोकांनी वर्गणी काढली आणि तो सावरला. पुढे कित्येक वर्षे पुणे नगरपालिकेचा कारभार तेथून चालला. तीन वाडे, तीन आगी आणि तीन गती. दगडचुन्याचा गुण तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच. फरक पडला तो पाठीशी कोण उभे होते यामुळे : एका वाड्यामागे राज्य होते, एकामागे नागरिक होते, आणि एकामागे कोणीच नव्हते.

इंदूरच्या वाड्यास १८३४ मध्ये पुन्हा आग लागली व वरचा लाकडी मजला जळाला. तोही नीट करण्यात आला. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८३२ मध्ये, कृष्णाबाईंनी राजवाड्याशेजारी गोपाळमंदिर उभारले होते. पुढे होळकरांचे राहणे लालबागेत आणि नंतर माणिकबागेत गेले; राजवाडा समारंभांचा आणि कुलदैवताचा राहिला. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्यप्रदेशात गेला. राजधानी भोपाळ झाली. इंदूरची लोकसंख्या आणि व्यापार वाढत गेला, राजवाडा मात्र सरकारी वास्तू बनला; म्हणजे सर्वांचा झाला आणि त्यामुळेच काही अंशी कोणाचाच राहिला नाही. मराठी भाषेची स्थितीही या शहरात काहीशी अशीच झाली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने ज्या नगरीत भरली, तेथे ‘राजवाडा’ हा मराठी शब्द आज हिंदी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. तो कोणत्या भाषेतून आला याचा विचार मात्र क्वचितच कोणी करीत असेल.

तिसरी आग १९८४ ची. ३१ ऑक्टोबर रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी शिखांवर हल्ले झाले. इंदूरही त्यातून सुटले नाही. त्या दंगलीत राजवाडा पेटला. दर्शनी भाग वाचला. मागचा मोठा भाग, त्यातील लाकडी खांब, तुळया, दालने जळून गेली. १८०१ मध्ये शत्रू म्हणून आलेली फौज निदान फौज तरी होती. १९८४ ची आग शहराने शहरालाच लावली. जी निरपराध माणसे त्या दिवसांत देशभर मारली गेली, त्यांच्यापुढे एका वास्तूचे दुःख लहानच आहे, आणि ते लहान आहे हे सांगूनच त्याविषयी बोलले पाहिजे. तरीही त्या जळक्या तुळया त्याच अन्यायाच्या साक्षीदार होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता पुढे काय करावयाचे, हा प्रश्न होता. जगात यास अनेक उत्तरे दिली गेली आहेत. व्हेनिसचा प्रसिद्ध घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला. नगरवासीयांनी तो होता तेथे आणि होता तसा बांधावयाचे ठरविले व १९१२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेली वॉर्साची जुनी पेठ पोलिश लोकांनी जुन्या चित्रांच्या आधाराने पुनश्च उभारली आणि १९८० मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. जपानात इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने बांधले जाते. तेथे लाकूड नवे असते आणि कसब जुने. या उलट १९६४ च्या व्हेनिस सनदेचा दंडक असा की, अंदाज जेथे सुरू होतो तेथे दुरुस्ती थांबावी, आणि जे नवे घालावे लागेल ते नवे म्हणून ओळखू यावे. १९९४ च्या नारा येथील परिषदेने त्यास पुरवणी जोडली : अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीत एकच असू शकत नाही.

इंदुरात आधी जळालेल्या मागील भागात बाग आणि कारंजी करण्यात आली. पुढे उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने, २००६-०७ च्या सुमारास, तो भाग जुन्या पद्धतीने आणि जुन्या साधनांनी पुन्हा बांधण्यात आला. मागून २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत इंदूरची निवड झाली आणि त्या योजनेतून राजवाडा व गोपाळमंदिर या दोहोंच्या जीर्णोद्धाराची कामे हाती घेतली गेली.

अशा कामातील अडचणी बाहेरून पाहणाऱ्यास दिसत नाहीत. जुन्या वाड्याचा सांगाडा लाकडी असतो आणि भिंत त्यास बिलगून उभी असते. तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते ते सर्वांआधी सडते, कारण तेथे ओल धरते आणि वारा लागत नाही. वरून रंगविलेली तुळई सुरेख दिसत असते. टोचा मारला की आत भुसा निघतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटाचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, विटेला मिठागर फुटते, आणि ज्या दुरुस्तीने भिंत पक्की व्हावयाची तीच तिला पोखरते. म्हणून जाणते कारागीर चुना आधी दीर्घकाळ भिजत ठेवतात, घाणीत मळतात, त्यात विटांची सुरखी आणि गूळ, मेथी, उडीद, बेलफळ यांचे पाणी घालतात. याला वेळ लागतो. सरकारी कामाचे वर्ष मार्चअखेर संपते. चुन्याला मार्चअखेर ठाऊक नसते. निविदेत लांबी, रुंदी आणि दर लिहिता येतो. सडलेले टोक किती खोल आहे हे भिंत उघडल्यावाचून कळत नाही, आणि कळल्यावर अंदाजपत्रक बदलावे लागते. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत कंत्राटदार, अभियंता, पुरातत्त्वज्ञ आणि हिशेबनीस यांचे जे खटके उडतात ते बहुधा स्वभावाचे नसतात. चौघांची घड्याळे निराळी असतात एवढेच.

त्यातून राजवाडा काही निर्जन माळावर उभा नाही. भोवती बाजार, समोर चौक, त्यात अहिल्याबाईंचा पुतळा. रंगपंचमीची गेर येथूनच जाते आणि रंगाचे फवारे कित्येक मजले चढतात. क्रिकेटचा सामना जिंकला की सारे शहर येथेच जमते. संरक्षक अभियंत्यास हे सर्व उपद्रवच वाटेल. आम्हांस ते तसे वाटत नाही. ज्या वास्तूपाशी लोकांना आनंद झाल्यावर यावेसे वाटते, ती वास्तू मेलेली नाही. सराफ्यातील जुन्या लोकांचे तत्त्व येथेही खरेच आहे. मात्र त्याची दुसरी बाजू १९८४ ने दाखविली आहे : जी गर्दी रक्षण करते तीच गर्दी एखाद्या दिवशी जाळूही शकते. म्हणून वावर पुरेसा नाही. वावरास स्मरणाची जोड पाहिजे.

येथे आम्ही आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. मराठ्यांचे इतर काही टिकले नाही तरी दप्तर टिकले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. पेशवे काय, होळकर काय, रोजकीर्दीत घोड्याच्या दाण्यापासून देवाच्या दिव्यातील तेलापर्यंत सर्व लिहीत. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी प्रकाशात आणलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे किंवा वा. वा. ठाकुरांनी संपादिलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने चाळली म्हणजे या लिहिण्याच्या सवयीचे मोल कळते. मग आजच्या जीर्णोद्धाराचे दप्तर कोठे असावे? कोणती तुळई मल्हाररावांच्या काळची, कोणती तात्या जोगांच्या, कोणती २००६ नंतरची. कोणता खांब बदलला, कोणाच्या हातून, कोणत्या झाडाचा. कोणत्या भिंतीत जुना चुना राहिला आणि कोठे नवा भरला. हे सर्व एका ग्रंथात, नकाशांसह, हिंदीत आणि मराठीत, सामान्य वाचकास मिळेल असे छापले गेले पाहिजे. अभियंत्यांच्या कपाटातील मोजमापवह्या म्हणजे ते दप्तर नव्हे. पुढे शंभर वर्षांनी चौथा जीर्णोद्धार करणाऱ्यास आपण काय दिले, याचा निवाडा त्या ग्रंथावरून होईल.

आणि त्या ग्रंथात आगीही लिहिल्या पाहिजेत. दुरुस्ती जितकी उत्तम तितका घाव अदृश्य होतो. हीच तिची धन्यता आणि हाच तिचा धोका. नव्याने रंगविलेल्या सज्जाखाली उभा राहिलेला विद्यार्थी असे समजेल की हा वाडा अडीचशे वर्षे असाच उभा आहे. त्यास सांगितले पाहिजे की, हा एकदा आपल्याच माणसांच्या वैरात जळाला आणि एकदा आपल्याच शेजाऱ्यांच्या द्वेषात जळाला. ते न सांगता केवळ सात मजले दाखविणे म्हणजे इतिहासाला सिमेंटाचा गिलावा चढविणे होय. ओल आत कोंडली जाईल, आणि पुन्हा केव्हातरी बाहेर पडेल.

२० मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने, मध्यप्रदेश मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली. ज्या वाड्यातून कारभार केव्हाच उठून गेला होता तेथे एक दिवसापुरता तो परत आला. या प्रसंगाचे कोणी राजकारण पाहील, कोणी उत्सव पाहील. तात्या जोगांनी पराभूत राज्याच्या दारावर सात मजले चढविले तेव्हाही त्यात दोन्ही होते, हे आम्ही वर पाहिलेच. आमच्या मनात मात्र त्या दिवशी एक साधा विचार येऊन गेला. जिचे नाव घेऊन ही बैठक भरली त्या बाईंनी राजवाड्याला पाठ देऊन लोकांच्या घाटांचे, विहिरींचे आणि देवळांचे जीर्णोद्धार केले, आणि प्रत्येकाच्या खर्चाचा हिशेब ठेवविला. राजवाड्याचे भाग्य की त्याच्या नव्या लाकडांच्या छायेत त्यांचे स्मरण झाले. त्या स्मरणास साजेसा एक ग्रंथ, एक दप्तर, एवढे अजून व्हावयाचे आहे.

ते होईपर्यंत सराफ्यातील गाड्या रात्री मांडल्या जातील, तव्यांचा धूर वर चढेल, आणि थोड्याच अंतरावर जुन्या दगडांवर नवे लाकूड उभे राहून हे सर्व पाहत राहील. धूर चुलीचा आहे तोवर चिंता नाही. दुसऱ्या कसल्या धुराचा वास आला तर तो ओळखण्याइतके स्मरण या नगरीत जागे राहो, एवढीच आमची इच्छा आहे.